फेगडे मॅडमची पंगत

फेगडे मॅडमनी आयुष्यात घरी दही लावलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "दिवसभर विद्यापीठात विरजणंच लावते. घरी येऊन पुन्हा तेच करू?" त्यांच्याकडे दही डेअरीतून यायचं, आणि आलं की आधी त्या झाकण उघडून वास घ्यायच्या, चमच्याच्या टोकाने तार येते का बघायच्या आणि मग निकाल द्यायच्या. "आज बरं आहे. काल ह्याने भांडं धुतलं नव्हतं." डेअरीवाला जळगावात त्यांच्याच मेहरूण भागातला होता. तो मॅडमना घाबरून त्यांचं दही वेगळ्या भांड्यात लावायचा, असं त्यानेच मला सांगितलं.

मॅडम जळगावला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मूळच्या सावद्याकडच्या, केळीवाल्या घरातल्या. मी धुळ्याची, त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. केलं. आता धुळ्याच्या एमआयडीसीत माझा जिवाणू खताचा छोटा कारखाना आहे. म्हणजे त्यांनी फळ्यावर शिकवलेलं मी बाटलीत भरून विकते. त्यांना माझा अभिमान होता का, हे मला ठाऊक नाही. कारखाना पाहायला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी फक्त बेसिनजवळचा टॉवेल उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "हा कधी उकळला होतास?"

त्या सगळ्यांना आडनावाने हाक मारत. मुलींनाही. माझं लग्न होऊन मी देसले झाले त्याला आता पंचवीस वर्षं होतील, पण त्यांच्या लेखी मी पवारच. एकदा माझ्या नवऱ्याने नम्रपणे सुचवून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "जिवाणू ह्या फ्रिजमधून त्या फ्रिजमध्ये ठेवला म्हणून नंबर बदलतो का?" नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याला फ्रिज म्हणजे कोण, हे बरोबर कळलं.

वर्गात पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाला न धुतलेलं बोट जिवाणू वाढवायच्या खाद्याच्या काचेच्या बशीवर टेकवायला लावत. दोन दिवसांनी बशीवर ज्याच्या-त्याच्या बोटाचे जिवाणू ठिपक्यांनी उगवून येत. मग सगळ्या बश्या नावांसकट खिडकीत मांडायच्या. आमच्या वर्षी इस्त्रीचा शर्ट घालून येणारा बोरसे स्वतःची बशी बघून इतका शरमला की दुपारी जेवला नाही. पण खिडकीतली सगळ्यात गच्च भरलेली बशी निघाली 'इं. फेगडे' अशी. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मॅडम म्हणाल्या, "सकाळी खडूचा डबा, दाराची कडी, कुलगुरूंशी हस्तांदोलन. अजून काय होणार?" बशी त्यांनी आठवडाभर तिथेच ठेवली. कुलगुरू एकदा येऊन बघूनही गेले.

त्यांची खरी कमाई म्हणजे एक जुना, गंजलेला, दार बांधून ठेवावं लागणारा फ्रिज. त्यात दोनशेच्या वर काचेच्या नळ्या. प्रत्येक नळीत तिरपं गोठवलेलं खाद्य, आणि त्यावर खानदेशातल्या कुठल्या तरी शेतातला एकेक जिवाणू. कुणी हवेतला नत्र धरणारा, कुणी मातीत अडकलेलं स्फुरद मोकळं करणारा, आणि बरेचसे काय करतात ते कुणालाच ठाऊक नसलेले. नोकरीची सगळी वर्षं मॅडम सुट्टीत एसटीने गावोगाव हिंडल्या, केळीच्या आणि कपाशीच्या मुळाशी बसून माती गोळा केली आणि त्यातून हे एकेक करून वेगळे काढले. नळीवर नंबर असायचा, पण बोलताना ज्याच्या शेतातून आणला त्याचं नाव. जामनेरचे आबा, सावद्याचे नाना, चिनावलची अक्का.

हे सगळे जिवंत ठेवायचे तर दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येकाला नव्या नळीत, नव्या खाद्यावर घालावं लागतं. तारेचं टोक ज्योतीत लाल करायचं, निववायचं, जुन्या नळीतला कणभर जिवाणू उचलायचा, नव्या नळीवर ओढायचा, बूच लावायचं. असं दोनशे वेळा. ह्याला मॅडम 'पंगत' म्हणत. "येत्या शनिवारी पंगत आहे," असं त्यांनी सांगितलं की त्या शनिवारी विभागातल्या कुणाच्याही घरी लग्नकार्य नसायचं. असलं तरी नसायचं.

एका सोमवारी त्या प्रयोगशाळेतून बाहेर आल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "जामनेरचे आबा गेले." ऑफिसात नवीन लागलेल्या क्लार्कने लगेच सगळ्यांना खबर दिली. दुपारी स्टाफरूममध्ये दोन मिनिटं उभं राहायची तयारी झाली. कुणीतरी हारही आणला. मॅडमना बोलावलं. त्यांनी हार बघितला, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि खुर्ची ओढून बसल्या. "सभा घ्या," म्हणाल्या, "माझी हरकत नाही. फक्त आधी एवढं सांगा, शनिवारी जाताना फ्रिजचा प्लग काढून तिथे मोबाइल कुणी लावला?" सभा झाली नाही. आबांना मॅडमनी पुन्हा आणलं. जामनेरला गेल्या, त्याच शेतात बसल्या, मातीची पुडी घेऊन आल्या. सहा महिने लागले. शेतावरच्या खऱ्या आबांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ते ठणठणीत होते आणि दर वेळी मॅडमना शेवभाजी जेवायला घालत.

ही विद्या शेतकऱ्यांपर्यंत न्यायची त्यांची फार धडपड. एकदा धुळे तालुक्यात मेळावा होता, मीही गेले होते. मॅडम अर्धा तास बोलल्या. मग पुढच्या रांगेतले एक नाना उठले.

"ताई, बाटलीमा काय शे?"

"जिवाणू."

"जित्ता शेत?"

"जिवंत आहेत."

"मंग त्या खातस काय?"

मॅडमचा चेहरा उजळला. मला म्हणाल्या, "पवार, बघ. आमच्या विद्यापीठात एवढे सेमिनार झाले, हा प्रश्न कुणी विचारला नाही." नानांना त्यांनी दोन बाटल्या फुकट दिल्या. पुढच्या हंगामात नाना तक्रार घेऊन जळगावला हजर. जिवाणूंनी काहीच केलं नाही. मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, नानांनी जिवाणू आणि कीटकनाशक एकाच पंपात कालवलं होतं.

"नाना, तुम्ही त्यांना विष पाजलंत."

"थोडंसंच टाकेल व्हतं ताई. चवपुरतं."

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा समारंभ जोरात झाला. शाल, श्रीफळ, गणपतीची मूर्ती. त्यांच्यानंतर विभागप्रमुख झाला आमच्या वर्गातला तोच बोरसे. तो भाषणात म्हणाला, "मॅडमनी जमवलेला हा अमूल्य ठेवा विभाग प्राणपणाने जपेल." टाळ्या झाल्या. महिन्याभरात त्याचा मॅडमना फोन. तपासणीसाठी समिती येणार आहे, फ्रिज फार वाईट दिसतो, आणि आता सगळ्यांचे जनुकक्रम काढून संगणकात ठेवले की नळ्यांची तशी गरज राहत नाही.

मॅडम प्रमाण मराठीच बोलत. फारच संतापल्या की सावदा बाहेर यायचं. "तुया फोटो काढून ठेवते मी संगणकात," त्या म्हणाल्या, "अन् मंग तुले जेवायले देत नही. चालीन का?"

बोरसे वाईट माणूस नव्हता. त्याला समितीकडून चांगला शेरा हवा होता, एवढंच. तो मिळालाही.

नळ्या मेहरूणला घरी आल्या. मॅडमचे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत, मिश्किल गृहस्थ. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. ते आल्यागेल्याला सांगत, "आमच्याकडे दोन फ्रिज आहेत. एक आमचा, एक हिच्या माहेरच्यांचा." स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पंगती बसू लागल्या. गॅसची शेगडी, मोठा कुकर, आणि खाद्य गोठवायला किराणा दुकानातला चायना ग्रास. दुकानदाराला वाटायचं, फेगड्यांकडे उठसूट फालुदा होतो. भाऊंना पंगतीच्या दिवशी स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. पंखाही बंद. ते व्हरांड्यात उपाशी बसून पेपर वाचत. "दोनशे जण जेवून उठले की माझा नंबर," असं शेजाऱ्यांना सांगत.

अशी कितीतरी वर्षं गेली. शालींची भर पडत राहिली. कुठे जीवनगौरव, कुठे प्रमुख पाहुण्या. प्रत्येक ठिकाणी भाषण संपलं की मॅडम आयोजकांना बाजूला घेऊन विचारत, "तुमच्याकडे फ्रिज आहे का? आणि पंगत घालणारं माणूस?" शाल देणारे पुष्कळ होते. नळ्या घेणारं कुणी निघालं नाही. एका मोठ्या संस्थेने कळवलं, काही विशेष उपयोग सिद्ध झाला असेल तेवढेच पाठवा.

मग मागच्या वर्षी मॅडम न कळवता एसटीने धुळ्याला आल्या. सोबत लस ठेवतात तसला बर्फाचा डबा. माझ्या ऑफिसात बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी पेला उचलला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. उजवा हात थरथरत होता. थोडा नाही, चांगलाच. त्यांनी दुसऱ्या हाताने पेला धरला आणि म्हणाल्या, "बघून झालं? आता कामाचं बोलू. पवार, हे तू घे."

"सगळे?"

"तुमच्या धुळ्याकडे काय म्हणतात? बठ्ठा."

मी धंदा करते. मला जे बोलायचं ते मी बोलले. मला लागणारे तीन जिवाणू माझ्याकडे आधीच आहेत, त्यांनीच दिलेले. बाकीचे दोनशे पोसायचे तर एक माणूस, एक फ्रिज आणि दर पंगतीला कारखाना दोन दिवस बंद. उपयोगाचे अजून चार-पाच निवडून द्या, ते ठेवते.

"तुझा तो कपाशीचा, जो सगळ्यात जास्त खपतो, तो कुठे होता ठाऊक आहे? फ्रिजमध्ये शेवटच्या रांगेत. पंधरा वर्षं फुकट जेवत होता. निरुपयोगी म्हणून तेव्हाच टाकला असता तर आज तू काय विकलं असतंस? माझं डोकं?"

"तुमचं डोकं खपलं असतं, मॅडम."

"चावटपणा नको. घेतेस की नाही?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. म्हटलं, "घ्यायचं की नाही ते नंतर. आधी आत काय आहे ते बघू द्या."

त्या एकदम खूश झाल्या. "बरोबर. लेबलवर कधी विश्वास ठेवू नये. बघ." डबा ठेवून त्या दुपारच्या गाडीने परत गेल्या.

मी आणि माझ्या प्रयोगशाळेतल्या दोन मुलींनी सगळ्या नळ्या एकेक करून बशीवर उतरवल्या. दोन दिवसांनी बश्या उघडल्या. पहिल्या बशीवर पांढरट, कोरडी, कडा फाटल्यासारखी वाढ. दुसरीवर तीच. तिसरीवर तीच. मुली म्हणाल्या, आपल्याकडून काहीतरी चुकलं. आम्ही सगळं पुन्हा केलं, ह्या वेळी मी स्वतः. तेच आलं. सावद्याच्या नानांच्या नळीत नाना नव्हते. आबांच्या नळीत आबा नव्हते. सगळ्यांच्या जागी एकच उपरा बसला होता, घरातल्या धुळीत, कपड्यांवर, कुठेही असतो तो. थरथरत्या हातातली तार नळीच्या काठाला लागते, बूच उघडं राहतं, एवढं त्याला पुरतं. एकदा आत शिरला की प्रत्येक पंगतीला तोच आधी जेवतो. दोनशेतल्या जेमतेम चाळीस नळ्या शुद्ध निघाल्या.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी बश्या गाडीत घातल्या आणि मेहरूणला गेले. जेवणाच्या टेबलावर मांडल्या. भाऊ डोकावून म्हणाले, "सगळे सारखेच दिसतात की."

"सारखे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "एकच आहे."

त्यांनी प्रत्येक बशी उचलून उजेडात धरली. घाई केली नाही. मी सांगण्यासारखं जे होतं ते त्यांना आधीच दिसत होतं.

"कधीपासून?"

"नक्की नाही सांगता येणार. चार-पाच पंगती तरी."

"म्हणजे हात सुरू झाल्यापासून." त्यांनी बशी खाली ठेवली. "एवढ्यावर मी पोरांना नापास केलं असतं."

"केलं होतं, मॅडम. मला."

"तुझ्या किती नळ्या बिघडल्या होत्या?"

"एक."

"मग बरोबर केलं."

भाऊ उठून चहा टाकायला गेले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत राहिला. मॅडम हजेरी घेतल्यासारख्या विचारू लागल्या.

"जामनेरचे आबा?"

"नाहीत."

"सावद्याचे नाना?"

"नाहीत."

"चिनावलची अक्का?"

"आहे. एकदम स्वच्छ."

"ती चिवटच होती." मग विचारलं, "तुझे तिघे?"

"माझ्या कारखान्यातले शाबूत आहेत. तुमच्या नळ्यांतले गेले."

"म्हणजे विकले ते वाचले," मॅडम म्हणाल्या, आणि खरंच हसल्या. "मी जपले ते मेले. हे बोरसेला सांगू नकोस. पुढच्या समितीला दाखवेल."

चहा आला. त्यांनी कप उचलला नाही. बशीवरच्या त्या पांढऱ्या वाढीकडे बघत म्हणाल्या, "आता घेशील बठ्ठा?"

मी मनात हिशेब केला. चाळीस नळ्या. एक मुलगी, एक सकाळ. "चाळीस परवडतात मला," मी म्हटलं.

"स्वस्तात सुटलीस."

बिघडलेल्या नळ्या कचऱ्यात टाकू द्यायला त्या तयार नव्हत्या. नियम म्हणजे नियम. माझ्या कारखान्यातल्या वाफेच्या मोठ्या निर्जंतुकीकरण यंत्रात, त्यांच्या देखरेखीखाली. त्या आल्या, समोर प्लास्टिकची खुर्ची टाकून काटा वर चढताना बघत बसल्या. माझ्या एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, वाईट वाटत असेल ना?" मॅडम म्हणाल्या, "दाब बघ. पंधराच्या खाली गेला तर अर्धवट मरतात." दाब खाली गेला नाही. नळ्या थंड झाल्यावर त्यांनी मुलींकडून त्या धुऊन घेतल्या, आणि दोन काठ फुटलेल्या सापडल्या म्हणून दोघींना बोलून घेतलं.

तेव्हापासून दर पंगतीला मॅडम धुळ्याला येतात. बोलावणं लागत नाही. मुलीवर त्यांचा विश्वास नाही, त्यामुळे 'एक मुलगी, एक सकाळ' हा माझा हिशेब पहिल्याच वेळी कोसळला आणि पंगतीला मलाच बसावं लागतं. पन्नाशीत, स्वतःच्या कारखान्यात, मालकीण असून.

मागच्या शनिवारी पंगत होती. मॅडम माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या, सुती साडीवर पांढरा ॲप्रन. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घट्ट धरून ठेवले होते, ज्योतीपासून दूर, नळ्यांपासून दूर. मी तार लाल करायची, निववायची, उचलायची. त्यांची नजर तारेच्या टोकावरून हलत नव्हती. अक्काची नळी आली. मी बूच काढलं, काठ ज्योतीवरून फिरवला, पांढुरका कणभर जिवाणू उचलून नव्या नळीवर ओढला. चांगला जमला. इतका सरळ मला एम.एस्सी.लाही जमला नव्हता. मी त्यांच्याकडे वळले. काहीतरी बोलावंसं वाटलं, इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते ते. नळी अजून उघडीच होती.

"पवार," मॅडम म्हणाल्या, "उघड्या नळीवर बोलू नये. थुंकी पडते."

मी तोंड मिटलं, बूच लावलं आणि पुढची नळी उचलली.